अठरा तास आणि एक खाडा : ऊसतोड कामगाराच्या डोळ्याची किंमत किती?

बीडहून मांजरसुंबा आणि तिथून केजच्या रस्त्याला लागले की नेकनूर लागते. बंकटस्वामींचा मठ, पोलीस ठाणे, कुटीर रुग्णालय आणि आठवड्याचा बाजार असलेले हे गाव आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या-तांड्यांना जवळचे. दसरा-दिवाळी झाली की या भागातली गावे ओस पडतात. म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे मागे राहतात, बाकीचे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, कोणी कर्नाटकात जातात. चैत्राच्या आसपास टोळ्या परततात. मग बाजार पुन्हा भरतो आणि फडातून कोण काय घेऊन आले ते दिसू लागते. कोणाची कंबर गेलेली असते, कोणाचे बोट गेलेले असते, कोणाच्या डोळ्यात फूल पडलेले असते.

अशाच एका बाजारात एका कामगाराशी गाठ पडली. वय पस्तिशीच्या आतबाहेर. उजव्या बुबुळावर दुधासारखा पांढरा डाग. विचारले, "दादा, डोळ्याला काय झालं?" तो म्हणाला, "पात लागली बघा ऊसाची. कारखान्यापाशी मेडिकल व्हतं, तिथनं थेंब आणले. दोन दिस लई बरं वाटलं, लाली गेली. मग ठणका सुरू झाला. मुकादम म्हणला, हंगाम उरक अन् मग जा दवाखान्यात." तो हंगाम उरकून दवाखान्यात गेला, तोवर डोळा उरकला होता.

या गृहस्थाचे नाव छापण्याची गरज नाही. हा एकट्याचा प्रश्न असता तर त्यावर सदर लिहिण्याचेही कारण नव्हते. 'दोन दिस लई बरं वाटलं' या त्याच्या वाक्यात औषधशास्त्र, बाजार, कायदा आणि आपली समाजव्यवस्था अशा चारही गोष्टी एकत्र आल्या आहेत. ते वाक्य नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे डोळ्याचे औषध म्हणजे 'थेंब' एवढेच ठाऊक असते. कोणत्याही औषध दुकानात जाऊन "डोळे लाल झालेत, थेंब द्या" म्हटले की एक बाटली हातात पडते. या थेंबांच्या जाती मात्र अनेक आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याचे विष ठरू शकते. पहिली जात प्रतिजैविकांची, म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन यांची. ती जिवाणूंना मारतात. दुसरी जात बुरशीनाशकांची, त्यात मुख्य नाव नाटामायसिन. तिसरी स्टेरॉइडची, म्हणजे डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांची. ही तिसरी जात कोणत्याही जंतूला मारत नाही, ती फक्त दाह शमवते. चौथी जात मिश्रणांची. एकाच बाटलीत प्रतिजैविकही असते आणि स्टेरॉइडही असते. बाजारात सर्वांत लाडकी बाटली हीच. कारण कोणताही लाल डोळा ती दोन दिवसांत पांढरा करून दाखवते. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश.

डोळा लाल होतो म्हणजे काय होते? इजा झालेल्या जागी शरीर आपले सैन्य पाठवते. रक्तवाहिन्या फुगतात, ठणका लागतो, पाणी गळते. स्टेरॉइड त्या सैन्याला माघारी बोलावते. डोळ्याला केवळ दाह असेल, शस्त्रक्रियेनंतरची सूज असेल, तर नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली हेच औषध डोळा वाचवते. ते वाईट औषध नाही. पण बुबुळाच्या जखमेत बुरशी शिरलेली असताना सैन्य माघारी बोलावले तर काय होणार? लाली जाते, ठणका कमी होतो, माणसाला वाटते बरे झाले, आणि आत बुरशीला रान मोकळे मिळते. दोन-चार दिवसांनी खरे दुखणे वर येते तेव्हा बुबुळ पोखरले गेलेले असते. कधी ते फुटते आणि डोळाच काढावा लागतो. एवढ्यावरही भागत नाही. स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने चालू ठेवले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणूनच हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. ते अनुसूची 'एच'मध्ये येते आणि तशी सूचना प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. मात्र ती छापलेली असते इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. ज्याच्यासाठी ती सूचना आहे त्याला ती वाचता येऊ नये अशीच ही तजवीज नाही काय?

शेतातली इजा आणि शहरातला लाल डोळा यांत फरक आहे. ऊसाच्या पातीला करवतीसारखे दाते असतात. वाळलेले पाचट डोळ्यात गेले की बुबुळाच्या पातळ पडद्यावर ओरखडा उठतो. मातीत, पाल्यात, पाचटात फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशी नांदत असतात, त्या ओरखड्यातून आत शिरतात. आपल्यासारख्या उष्ण देशात शेतकरी-शेतमजुरांच्या बुबुळावरील व्रणांमागे बुरशी हे फार मोठे कारण आहे. या बुरशीला साधे प्रतिजैविक चालत नाही. तिला नाटामायसिन लागते, तेही सुरुवातीला जागेपणी दर तासाला आणि पुढे कित्येक आठवडे. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीने २०१३ मध्ये दाखवून दिले, की व्होरिकोनाझोल या नव्या औषधाच्या थेंबांपेक्षा जुने नाटामायसिनच सरस आहे, विशेषतः फ्युजेरियमच्या बाबतीत. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाटामायसिनचा समावेश आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. व्रण बुरशीचा की जिवाणूचा हे ओळखायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. व्रणाचा खरवड काचेवर घेऊन पोटॅशच्या द्रावणात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी बहुतेक वेळा बुरशीचे धागे दिसतात. म्हणजे औषध आहे आणि तपासणीही स्वस्त आहे. तरी डोळे का जातात?

याचे उत्तर घड्याळात आहे. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात डॉक्टरांनी एक प्रयोग केला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावातल्याच साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना त्यांनी शिकवले. डोळ्याला मार लागलेला माणूस आला की बुबुळावर रंगद्रव्याची पट्टी टेकवायची, निळ्या उजेडाच्या बॅटरीने ओरखडा आहे का ते पाहायचे आणि असल्यास क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायचे. बस, एवढेच. असा ओरखडा झालेले ४४२ जण इजेनंतर ४८ तासांच्या आत आले. त्यांपैकी १८ तासांच्या आत मलम सुरू झालेले २८४ जण होते, त्यांतल्या एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. आणि २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला, म्हणजे चारांत एकापेक्षा जास्त. अठरा तासांपर्यंत शून्य आणि एक दिवस उलटला की शंभरात अठ्ठावीस! डोळा वाचणार की जाणार हे एका रात्रीत ठरते.

हे अठरा तास ऊसाच्या फडात नेऊन ठेवा. सकाळी दहाला पात लागली तर पहाटे चारला मुदत संपली. त्या अठरा तासांत त्या माणसाने काय केले असेल? दुपारपर्यंत ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, संध्याकाळी गाडी आली म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरला. कोपीवर परतल्यावर कोणीतरी मध घातला, कोणी बाळंतिणीचे दूध घातले, कोणी म्हणाले अमक्या गावी जिभेने कुसळ काढणारी बाई आहे. दवाखाना कुठे आहे हे परक्या मुलखात ठाऊक नाही. ठाऊक असले तरी तिथे जायचे म्हणजे खाडा.

खाडा हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि पुढचे पाच-सहा महिने ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस काम चुकले की तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही उचलीत चढतो. याच खाड्याच्या भीतीपोटी बीड जिल्ह्यातल्या बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उभ्या देशात गाजले. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून जिथे गर्भाशय काढले जाते, तिथे लाल डोळ्यासाठी खाडा कोण करणार? दोन दिवसांत लाली घालवणारी बाटली त्या कामगाराला का हवीशी वाटते, हे आता लक्षात यावे. त्याला अज्ञानी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण उचल, खाडा आणि दंड यांच्या हिशेबात तो अगदी शहाणपणाने वागला आहे. हिशेबच असा मांडलेला आहे की त्यात डोळा हरतो.

हा हिशेब कोणी मांडला? इथे कायद्याकडे वळावे लागते. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३५ होते. ज्या कामात उडणाऱ्या कणांमुळे डोळ्यांना धोका आहे, तिथे कामगाराला पडदा किंवा योग्य चष्मा दिला पाहिजे, असे ते कलम सांगत होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत विलीन झाला, पण जुन्या आणि नव्या कायद्यात एक भिंत सारखीच आहे. ती भिंत साखर कारखान्याच्या फाटकाशी उभी आहे. फाटकाच्या आत जो चरकाजवळ उभा आहे तो कामगार. फाटकाबाहेर जो ऊस तोडून त्या चरकाला पुरवतो तो कोण? कारखाना म्हणतो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो मी तर फक्त माणसे आणतो. डोळा गेला तर भरपाई कोणी द्यायची? १९२३ च्या भरपाई कायद्यापासून एक यादी चालत आली आहे. एक डोळा पूर्ण गेला तर ४० टक्के, डोळा जागेवर राहून नजर गेली तर ३० टक्के कमावण्याची क्षमता गेली असे ती धरते. डोळ्याचा भाव शंभर वर्षांपूर्वीच ठरला आहे. फक्त तो कोणी मोजायचा हे ऊसतोड कामगाराच्या बाबतीत ठरलेले नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराच्या आजारपणाचा भार त्याच्या एकट्याच्या खिशावर पडू नये म्हणून आरोग्य विम्याचा जो आराखडा प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये दिला, तो याच काळातला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारी पडलेल्या कामगाराला उपचार तर मिळावेतच, शिवाय बुडालेल्या दिवसांचा काही मोबदलाही मिळावा, हे त्या कायद्याचे हृदय आहे. म्हणजे खाड्यावरचे उत्तर पाऊणशे वर्षांपूर्वीच सापडले होते! पण त्या कायद्यातून 'हंगामी कारखाने' वगळले गेले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांची नावे स्पष्ट लिहिली गेली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती व्याख्या तशीच उतरली आहे. सहकाराच्या नावाने महाराष्ट्राचे राजकारण ज्या साखरेवर पोसले गेले, त्या साखरेच्या मुळाशी राबणारा माणूस कामगार विम्याच्या छत्रीबाहेर उभा आहे. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा, धनगर आहेत, कोरडवाहू मराठाही आहेत. पात जात पाहून लागत नाही हे खरे. पण फडात कोण उभा राहणार आणि फडाच्या बांधावर कोण, हे इथल्या व्यवस्थेने फार पूर्वीच ठरवले आहे.

आणखी दोन फटी आहेत. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायद्यात काही तरतुदी आहेत. पण नेकनूरचा माणूस कोल्हापूरला गेला तर त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते, म्हणून कायद्याच्या लेखी तो स्थलांतरितच नाही. दुसरी फट दिव्यांगत्वाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे आणि एक डोळा गेला, दुसरा चांगला असला, तर प्रमाणपत्रावर ३० टक्के लिहिले जाते. म्हणजे एक डोळा गमावलेला कामगार पुढच्या वर्षी मुकादमाच्या लेखी 'कमी कामाचा' असतो आणि सरकारच्या लेखी धडधाकट. दुसरा डोळा जाईपर्यंत त्याने थांबायचे काय?

देशातल्या अंधत्वाची २०१५ ते २०१९ या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तिचे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. पन्नाशीपुढच्या माणसांत अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू, सुमारे ६६ टक्के. पण पन्नाशीच्या आतल्या माणसांत पहिले कारण बुबुळावरचे फूल, सुमारे ३७ टक्के. आपला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याचा सगळा भर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांवर राहिला आणि त्यातून लाखो म्हाताऱ्यांना दृष्टी मिळाली, हे मान्यच केले पाहिजे. पण कमावत्या वयातल्या कष्टकऱ्याचा डोळा ज्या कारणाने जातो, ते कारण शिबिरात टेबल टाकून शस्त्रक्रियेने सुटणारे नाही. एकदा फूल पडले की बुबुळ बदलणे हाच मुख्य उपाय उरतो. त्यासाठी मेलेल्या माणसाचे नेत्रदान लागते, मोठे रुग्णालय लागते आणि पुढे वर्षानुवर्षे थेंब लागतात. बुरशीने पोखरलेल्या डोळ्यात नवे बुबुळ टिकेलच असेही नाही. म्हणून लढाई फूल पडण्याआधीच्या अठरा तासांची आहे.

ऊसतोडीपलीकडेही थेंबांबाबतचे गैरसमज घराघरांत आहेत, त्यांचा इथेच हिशेब उरकतो. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ महाराष्ट्रभर पसरली आणि ऑगस्टच्या पूर्वार्धातच रुग्णसंख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. ती साथ विषाणूंची होती. विषाणूवर प्रतिजैविकाचे थेंब चालत नाहीत. असे डोळे बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होतात. स्वच्छ पाणी, वेगळा टॉवेल, थंड पट्टी आणि वारंवार हात धुणे हाच मुख्य उपचार. पण त्या काळात कित्येक घरांत एकच बाटली अख्ख्या कुटुंबाच्या डोळ्यांत फिरली. औषध वाटले गेले आणि साथही. डोळे आले असताना उजेड सोसवत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा बुबुळावर ठिपका दिसत असेल तर ते साधे 'डोळे येणे' नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

मोतीबिंदू थेंबांनी विरघळतो हा दुसरा भ्रम. जगात असे एकही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. जाहिरातींतल्या बाटल्या विकत घेऊन म्हातारी माणसे वर्षे घालवतात. काचबिंदूचे नेमके उलटे आहे. तिथे टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट यांसारखे थेंब जन्मभर घालावे लागतात. ते घालून काहीच 'बरे वाटत' नाही म्हणून लोक सोडून देतात आणि गेलेली नजर परत येत नाही. त्यातही दम्याच्या माणसाला टिमोलॉल धोक्याचे, म्हणून दमा असल्याचे डॉक्टरला आधीच सांगावे. उन्हाळ्यात ज्या मुलांचे डोळे खाजतात, त्यांना दरवर्षी जुन्याच चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब आणून देणारे आईबाप गावोगाव आहेत. खाज जाते, पण काही मुलांत दाब वाढून नजर कायमची जाते. रातांधळेपणाला थेंब नव्हे, 'अ' जीवनसत्त्व लागते. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी ते सरकारी यंत्रणेतून मिळते. पण फडावर गेलेल्या पोरांचे डोस बुडतात. आणि कोणतीही बाटली एकदा फोडली की महिनाभरानंतर फेकून द्यावी, मग ती कितीही महाग असो. २०२३ मध्ये अमेरिकेत चेन्नईच्या एका कंपनीने बनवलेल्या कृत्रिम अश्रूंशी जोडलेला जिवाणूसंसर्ग पसरला. ८१ जणांना लागण झाली, १४ जणांची नजर गेली, चौघांचा मृत्यू झाला. निर्जंतुक नसलेला थेंब काय करू शकतो याचा हा धडा साऱ्या जगाने घेतला.

निराश होण्याचेही कारण नाही. खुपऱ्यांनी, म्हणजे ट्रॅकोमाने, एके काळी या देशात घरेच्या घरे आंधळी केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमा संपल्याचे जाहीर केले. औषध, स्वच्छ पाणी, चेहरा धुण्याची सवय आणि चिकाटी एवढ्यावर हे झाले. मग ऊसाच्या पातीने जाणारे डोळे का वाचू नयेत?

मागण्या साध्या आहेत आणि नेमक्या आहेत. पहिली, प्रत्येक कोयत्यामागे दोन संरक्षक चष्मे कारखान्याने द्यावेत. घाम येतो, काचेवर वाफ धरते म्हणून कामगार ते वापरत नाहीत, असे लगेच सांगितले जाईल. तर मग हवा खेळेल असे, जाळीचे चष्मे कामगारांना विचारून निवडावेत. दुसरी, प्रत्येक टोळीत एका शिकलेल्या मुलीला किंवा बाईला प्रशिक्षण देऊन तिच्याकडे रंगद्रव्याच्या पट्ट्या, निळी बॅटरी आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम द्यावे. स्टेरॉइड नसलेले मलम, हे ठळक लिहावे. तिसरी, ज्या जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत तिथल्या सरकारी रुग्णालयांत हंगामाआधीच नाटामायसिनचा साठा हवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत आणि औषध खरेदीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणही आले. आता चिठ्ठीवर 'बाहेरून आणा' लिहिण्याला सबब उरू नये. चौथी, डोळ्याच्या इजेसाठी दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नये. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी कारखान्यांनी ऊसाच्या टनामागे दहा रुपये द्यायचे ठरले आहे. त्या पैशातून त्या दिवसाची मजुरी द्यावी. पाचवी, अनुसूची 'एच'मधील थेंब चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर कारखाना परिसरात हंगामभर तपासणी असावी आणि खोक्यावर मराठीतही सूचना छापावी.

यांत सर्वांत महत्त्वाची मागणी चौथी. नेपाळच्याच एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगाव असे नेत्र-कार्यकर्ते नेमूनही एकूण लोकसंख्येतले बुबुळाच्या व्रणांचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसले नाही. काही जण म्हणतील, मग मलमाचा उपयोगच काय? आम्ही त्यातून वेगळा अर्थ काढतो. मलम गावात ठेवले म्हणून डोळा वाचत नाही. इजा झालेला माणूस वेळेत मलमापर्यंत पोचला तर वाचतो. आणि माणूस वेळेत पोचायचा असेल तर त्याच्या डोक्यावरची खाड्याची टांगती तलवार आधी काढली पाहिजे. औषधाचा प्रश्न शेवटी मजुरीचा प्रश्न असतो. ज्याला आजारी पडण्याची मुभा नाही, त्याला जगातले कोणतेही औषध वेळेवर लागू पडत नाही.

आता चळवळीकडे. १४ एप्रिलला आपण गावोगाव नेत्रतपासणी शिबिरे घेतो, चष्मे वाटतो, चांगलेच करतो. पण जयंतीला टोळ्या नुकत्याच परतलेल्या असतात. तेव्हा शिबिरात जे दिसते ते पडून गेलेले फूल. त्या वेळी डॉक्टर फक्त नोंद करू शकतो, डोळा परत देऊ शकत नाही. आपले शिबिर सहा महिने आधी हवे. अशोक विजयादशमीला आपण धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करतो आणि त्याच सुमारास मुकादमाचे ट्रॅक्टर गावात येऊ लागतात. तो आठवडा आपण धरला पाहिजे. निघणाऱ्या प्रत्येक टोळीला चष्मे, मलम आणि अठरा तासांचा हिशेब समजावून द्यायचा. जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे ज्या कारखान्यावर ते जाणार तिथल्या आपल्या कार्यकर्त्यांकडून विचारून कागदावर लिहून द्यायचे. कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या शाखा आहेत, बुद्धविहारे आहेत. विहारातला एक तरुण रात्री मोटारसायकल काढून फडावर गेला तर एक डोळा वाचू शकतो. याला सरकारी परवानगी लागत नाही, अनुदानही लागत नाही.

नेकनूर, केज, अंबाजोगाई या रस्त्यावर ग्रामीण भागासाठी काढलेले वैद्यकीय महाविद्यालय गेल्या अर्धशतकापासून उभे आहे. तिथे शिकून बाहेर पडलेले आपल्या समाजातले डॉक्टर आज राज्यभर आहेत. त्यांनाही एक विनंती. वर्षातला एक आठवडा या कामासाठी द्या. टोळीतल्या मुलींना पट्टी लावायला, बॅटरी धरायला शिकवा. आपल्याला शिक्षण मिळाले ते ज्यांच्या घामावर, त्यांचे डोळे शाबूत राहावेत एवढी परतफेड मोठी नाही.

बाजारात भेटलेल्या त्या कामगाराला निरोप घेताना विचारले, "यंदा जाणार का?" तो म्हणाला, "जावंच लागतंय. उचल फिटली न्हाई." एका डोळ्यावर तो पुन्हा त्याच फडात उतरणार आहे, तीच पात, तेच पाचट, तोच मुकादम. त्याचा दुसरा डोळा वाचवायला आपल्या हातात येत्या दसऱ्यापर्यंतचा वेळ आहे.